मुत्तूचं पान

कुत्र्याच्या पिलाला काय खायला घालायचं, हा प्रश्न वेंकटरावांना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पडला. पडला तो पडला, आणि त्याचं उत्तर शोधायला ते भर उन्हात तंजावरच्या मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका दुकानात जाऊन उभे राहिले. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत मुत्तू. मुत्तू म्हणजे आठ आठवड्यांचं पॉमेरेनियन पिल्लू. पिशवीतून त्याचे दोन डोळे आणि नाकाचा काळा शेंडा, एवढंच बाहेर दिसत होतं.

दुकानदारानं एकामागून एक पुडे काढून समोर मांडले. "सर, लहान जातीचं पिल्लू आहे, तर हे घ्या. दाणा अगदी बारीक असतो, याच्या दातांना फुटतो." वेंकटरावांनी पुडा उलटा केला, बारीक अक्षरं वाचली आणि चटका बसल्यासारखा तो खाली ठेवला. कोंबडी. दुसऱ्यात कोंबडी आणि अंडं. तिसऱ्यात मासळी.

"यातलं काही नसलेलं नाही?"

"आहे, पण ते मोठ्या कुत्र्यांचं. दाणा बोराएवढा. याच्या तोंडात मावायचा नाही." मग दुकानदार हसून म्हणाला, "सर, खायचं त्याला आहे, तुम्हाला नाही."

वेंकटरावांना थट्टा कळत नसे असं नाही, पचत नसे. ते रिकाम्या हातानं घरी आले. ज्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही, त्या घरात कोंबडीचा पुडा कुठे ठेवायचा? त्यांनी दहीभात मऊ कालवून पिलापुढे ठेवला. दहीभातावर आपल्या सगळ्या पिढ्या वाढल्या, हे वीतभर जनावर वाढणार नाही होय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मुत्तूनं तो मिटक्या मारत खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले.

जनावरांच्या डॉक्टर लावण्या वयानं लहान, पण बोलायला खमक्या. त्यांनी पिलाला काट्यावर ठेवलं. सहाशे चाळीस ग्रॅम.

"काय घालता याला?"

"दहीभात. कधी दूधभात."

"म्हणजे उपाशीच ठेवता म्हणा ना." मग त्यांनी वेंकटरावांचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "सर, घरात साखरेचा आजार कुणाला होता का?"

"माझ्या बायकोला. इन्सुलिन घ्यायची."

"मग तुम्हाला फार सांगायला नको. एवढ्याशा जिवाच्या अंगात शिल्लक म्हणून काही नसतं. भरपूर ताकद असलेलं खाणं, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. रात्री झोपण्याआधी शेवटचं, सकाळी उठल्या उठल्या पहिलं. दिवसा चार-पाच तासांच्या वर पोट रिकामं राहिलं की साखर उतरते. आधी लटपटतं, मग गप्प होतं. लोकांना वाटतं झोपलंय." त्यांनी हे सगळं तमिळमध्ये एका कागदावर लिहिलं आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

त्या संध्याकाळी वेंकटरावांनी बारीक दाण्याचा पुडा आणला.

हे पिल्लू मुळात त्यांचं नव्हेच. ते त्यांच्या बायकोचं, कनकलताचं होतं, आणि कनकलता जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिला एक कुत्रं पाळायचं होतं. मूलबाळ झालं नाही, तेव्हा ती इच्छा आणखी वाढली. वेंकटराव दर वेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. आधी आई होती, तिचं मडी होतं. सोवळ्याला त्यांच्या घरी मडीच म्हणतात. मग आई गेली, तर आक्का होती. आक्का म्हणजे थोरली बहीण भागीरथी. राहायची तिरुवैयारुला, पण तिचा वचक तंजावरच्या या घरात तांब्याभांड्यांपर्यंत पोचलेला. अशी चाळीस वर्षं पुढच्या वर्षीवर गेली. सार्वजनिक बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं कावेरीच्या कालव्यांचे नकाशे काढणारा हा माणूस. एका रेघेचा केसभर फरक त्याला खपत नसे, आणि बायकोची एक साधी इच्छा मात्र त्याच्या लक्षात कधी नीट बसली नाही. बसली ती शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात.

"नाव मुत्तू ठेवायचं," ती म्हणाली होती. तिचा हात तेव्हा अगदी हलका झाला होता. "आणि दुसऱ्याकडं सोपवायचं नाही हं. तुमच्या हातानं घाला त्यास."

"घालतों," ते म्हणाले होते.

तरीही दहा महिने त्यांना धीर झाला नाही. अखेर पापनाशमच्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्याच्या घरी पिल्लं झाल्याचं कळलं, तेव्हा ते सकाळच्या बसनं गेले आणि दुपारच्या बसनं पिशवीत मुत्तू घेऊन आले. येताना वाटभर ते पिशवीत हात घालून बसले होते. आत काहीतरी ऊनऊन धडधडत होतं, आणि कनकलता गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटलं.

पुडा घरात आला, पण स्वयंपाकघरात नाही. तो स्कूटरच्या शेडमध्ये, झाकणाच्या डब्यात. वेंकटराव रोज चार वेळा तिथे जायचे, मोजून दाणे काढायचे, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे आणि मागच्या ओट्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाढायचे. स्टीलची वाटी होती, पण कनकलता कुणालाही पानावर वाढल्याशिवाय जेवू घालत नसे, तेव्हा यालाही पान. शेजारच्या भुवनानं भिंतीवरून हे पाहिलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "अण्णा, मीठ आणि लोणचं राहिलं की वाढायचं!"

"ते डॉक्टरनी नको म्हटलंय," वेंकटराव गंभीरपणे म्हणाले.

वाढून झालं की हात तीन वेळा धुवायचे, आणि मग आत यायचं. भिंतीवर डॉक्टरांच्या कागदाशेजारी त्यांनी आलेखाचा कागद लावला होता. त्यावर जुन्या सवयीच्या सुबक आकड्यांत मुत्तूचं वजन. सहाशे चाळीस. सातशे दहा. सातशे नव्वद. आठशे सत्तर. रेघ वर जात होती. छत्तीस वर्षांत त्यांनी काढलेल्या सगळ्या रेघा पाण्यासाठी उतरत्या होत्या. ही एकच चढती, आणि त्यांना तिचा भलताच अभिमान वाटू लागला. मुत्तूला आता त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायची सवय लागली होती. ते तासन्‌तास पाय हलवत नसत. पायाला मुंग्या यायच्या, तरी नाही.

मग कनकलताचं वर्षश्राद्ध आलं.

आक्का आदल्या दिवशी तिरुवैयारुहून आली. तिनं दारातच मुत्तूला पाहिलं आणि छत्री तशीच हातात धरून उभी राहिली. "वेंकू, हे कां आणि? श्राद्धावर कुत्र्याची दृष्टी पडूं नये, इतकंही विसरलास की?"

"कनकाचं आहे, आक्का."

आक्का काही दुष्ट बाई नव्हती. भावजयीच्या आजारपणात ती पाय चेपत बसली होती. कनकाचं म्हटल्यावर तिचा आवाज उतरला, पण नियम तो नियम. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पिल्लू मागच्या खोलीत, दार लावून. तो कोंबडीचा पुडा घराच्या आवारात नको, शेडमध्येही नको. आणि उद्या कावळा शिवेपर्यंत या घरात कुणाच्याही तोंडात अन्नाचा कण जाणार नाही. "कुणाच्या म्हंजे कुणाच्याही. पितरांच्या आधी कोणी खाऊं नये."

भुवना म्हणाली, "अण्णा, पुडा माझ्याकडे राहू दे, आणि पिल्लूही राहू दे की एक दिवस."

वेंकटरावांनी पुडा दिला. पिल्लू दिलं नाही. कनकाच्या दिवशी मुत्तू घरात नको, हे त्यांच्या मनाला पटेना. ती येईल, बघेल, आणि तो शेजारच्या घरी असेल? रात्री आठ वाजता त्याला शेवटचं वाढलं आणि भुवनाकडे डबा पोचवला. उद्याचा दिवस एक वेळ चुकेल, फार तर दीड, असा त्यांनी अंदाज बांधला. भिंतीवरचा डॉक्टरांचा कागद आक्काच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी तो घडी करून पंचांगात ठेवला.

सकाळी साडेपाचला मुत्तू दारामागे कुईकुई करू लागला. वेंकटराव ओल्या धोतरानं बाहेर उभे होते. अंगावर मडी, हात लावायची सोय नाही. "थोडंच राहिलंय रे कण्णा, बाळा," ते दाराला म्हणाले.

गुरुजींना त्या दिवशी आणखी दोन घरं होती. दहाला यायचे ते साडेअकराला आले. मधे, अकराच्या सुमारास, भुवनानं भिंतीवरून हाक मारली. "अण्णा, पिल्लू रडतंय. दोन दाणे भिजवून देऊ? मी मागच्या खिडकीतून टाकते, तुम्हाला हात लावायला नको."

वेंकटरावांच्या तोंडात 'दे' शब्द आला होता. अगदी ओठांपर्यंत.

"नको ग बाई," आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "अजून पिंड व्हायचेत. दोन तासांत कां मरतंय कीं?"

 वेंकटरावांनी दर्भ सारखे केले. भुवना क्षणभर त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मग भिंतीआड गेली.

बाराला कुईकुई थांबली. "बघ," आक्का कौतुकानं म्हणाली, "घरच्यासारखं उपास धरायला शिकलं. शहाणं आहे हो." वेंकटरावांना बरं वाटलं. झोपलं असेल, असं त्यांनाही वाटलं.

पिंड झाले, तर्पण झालं, गुरुजी पितरांच्या जागी बसून जेवले आणि दुसऱ्या घरी गेले. दोन वाजले होते. केळीच्या पानावर भात, वरण, वडा, खीर, सगळं कनकलताच्या आवडीचं घेऊन वेंकटराव गच्चीवर गेले आणि कठड्यावर पान ठेवून त्यांनी हाक मारली. "का! का! का!"

एरवी त्या गच्चीवर कावळ्यांची जत्रा असते. कपडे वाळत घालू देत नाहीत. त्या दिवशी पलीकडच्या नारळावर तिघे बसले होते आणि तिघेही दुसरीकडे बघत होते.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. आक्का कमरेवर हात ठेवून वर आली. "तिचं मन कशांत तरी अडकलंय, वेंकू. बोल कांही तरी. कबूल कर."

ऊन डोक्यावर होतं. वेंकटरावांनी हात जोडले. तिच्या बांगड्या तिच्या भाचीला देतों, म्हणाले. कावळे हलले नाहीत. दर शुक्रवारी तिच्या नावानं देवीपुढे दिवा लावतों, म्हणाले. एका कावळ्यानं पंख साफ केले. आणि मग त्यांना या गच्चीवरचा दुसरा एक दिवस आठवला, कुणी न बोलावता. आईचं श्राद्ध, सहा वर्षांपूर्वीचं. असेच दोन वाजलेले. कनकलता जिन्याच्या तोंडाशी उभी, कपाळावर घाम, हाताची बोटं थरथरत होती. "अहो, मला कसं तरी होतंय. गुळाचा खडा तरी घेऊं?" आणि ते कावळ्यावरची नजर न काढता म्हणाले होते, थोडं थांब, आता येईलच. ती थांबली होती. मग जिना उतरताना तिसऱ्या पायरीवरून कोसळली, तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं. कपाळाला चार टाके पडले. तिनं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, त्यांनीही नाही.

"कनका," ते मोठ्यानं म्हणाले. "मी मुत्तूस जपेन. माझ्या हातानं घालेन. तुला शब्द दिला होता, तो पाळतों."

कावळे तिथेच.

तिला बघायचाय तो, त्यांच्या मनात आलं. चाळीस वर्षं वाट पाहिली तिनं, आणि मी त्याला दाराआड कोंडून वर भाताचं पान दाखवतोय. ते झपाट्यानं जिना उतरले. मडी गेलं तर गेलं. आणायचं, कठड्यावर उभं करायचं, तिला दाखवायचं.

मागच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा मुत्तू दाराला लागूनच पडला होता. दाराच्या फटीत नाक खुपसून. चारही पाय ताठ, मान मागे, आणि अंगातून बारीक थरथर जात होती. वेंकटरावांनी त्याला उचललं, तर तो नेहमीसारखा ऊनऊन लागला नाही. त्या एका क्षणात त्यांना सगळं समजलं. ही थरथर त्यांनी पाहिलेली होती. तिचं नावही त्यांना ठाऊक होतं, औषधही ठाऊक होतं, सांगणारीनं दोन रेघा ओढून सांगितलं होतं, आणि तो कागद त्यांनीच घडी घालून पंचांगात ठेवला होता.

ते धावत स्वयंपाकघरात शिरले, सोवळ्याच्या चुलीपाशी, कुत्र्याचं पिल्लू छातीशी घेऊन. गूळ पाण्यात कुस्करला आणि बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. "खा रे. खा रे राजा. मी घालतोंय, बघ की, माझ्या हातानं." मुत्तूची जीभ एकदा हलली. बोटाला लागली. वेंकटरावांनी भुवनाला हाक मारली, ती घाबरून धावत आली आणि रिक्षा आणायला तशीच रस्त्यावर पळाली.

तेवढ्यात गच्चीवरून आक्काचा आवाज आला, आनंदानं भरलेला. "आला रे वेंकू, आला! शिवला! खातोय बघ कसा! सुटली रे बाई, सुटली!"

रिक्षा मेडिकल कॉलेज रोडला वळली तेव्हा मुत्तूची थरथर थांबली होती. लावण्या डॉक्टरांनी सुई टोचली, छाती चोळली, बराच वेळ खटपट केली. मग हातमोजे काढले. त्या रागावतील, असं वेंकटरावांना वाटलं होतं. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं होतं?"

"काल रात्री आठला."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. सवयीनं पिलाला काट्यावर ठेवलं, आणि मग ते लक्षात येऊन घाईनं उचलून घेतलं. तरी आकडा वेंकटरावांना दिसला. नऊशे दहा.

घरी आल्यावर त्यांनी परसात, पारिजातकाखाली, स्वतः खड्डा खणला. कुणाला हात लावू दिला नाही. आक्का दारात उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. "मला ठाऊक नव्हतं रे," ती म्हणाली. "इतकासा जीव. मला कोणी सांगितलं नाही."

"मला सांगितलं होतं," वेंकटराव म्हणाले.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. वाढलेली पानं तशीच गायीला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुवनानं डबा आणून दिला. भिंतीवर ठेवला आणि गेली. वेंकटरावांनी तो उघडला. मापानं दाणे काढले, कोमट पाण्यात टाकले आणि पंधरा मिनिटं घड्याळ पाहत ओट्यावर बसून राहिले. मग केळीच्या पानाचा तुकडा घेतला, त्यावर वाढलं आणि ते पान घेऊन घरातून, देवघरासमोरून, जिन्यानं वर निघाले. आक्का जपाला बसली होती. कोंबडीचा वास घरभर पसरला. ती उठून त्यांच्या मागोमाग वर गेली.

काल जिथे कनकलताचं पान ठेवलं होतं, तिथेच त्यांनी हे पान ठेवलं. हात जोडले नाहीत, हाकही मारली नाही. पानाची कड नीट केली आणि वळले.

"कावळा यायचाय अजून, वेंकू," आक्का हळूच म्हणाली. "थांबायचं नाहीं?"

"नाही," वेंकटराव म्हणाले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते टेकून उभे राहिले आणि मग त्यांना रडू आवरेना. "खाली चल, आक्का. तूं कालपासून उपाशी आहेस. आधी दोन घास खाऊन घे. ह्या घरांत आतां कोणी थांबायचं नाही."